नमुना एन-सात

फॉर्मवर तलावाचं नाव नाही,
फक्त क्रमांक: एन-सात.
मे महिना. तोंडाला दुपट्टा, खांद्याला बर्फाची पेटी,
पाचपावलीहून दोन बस बदलून मी पोचते
तेव्हा दुपारचे दोन.
काठावर बेशरम तेवढी फुललेली.

उरकुडाजी नान्हे डोंगा लावून बसलेत.
यंदा शिंगाड्याचा वेल टाकला नाही, म्हणतात.
का ते मी विचारत नाही.
तबकडी दोरीने पाण्यात सोडते, काळीपांढरी.
एकोणीस सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली.
"माह्या बापाच्या टायमाले
पडलेला आना दिसे बुडाशी."
आण्याचा रकाना नसतो.
मी लिहिते: एकोणीस.

तापमान चौतीस. सामू आठ पूर्णांक नऊ.
मग बाटली, काठोकाठ,
आत एकही बुडबुडा अडकू न देता;
बुडबुडा म्हणजे बाहेरची हवा, उसना साक्षीदार.
मँगनीज सल्फेट, त्यावर अल्कली आयोडाइड,
झाकण, उलटी, सुलटी,
आणि बाटलीत तपकिरी बर्फ पडायला लागतो
नागपुरात, पंचेचाळीस डिग्रीत.
जितका गडद तितका प्राणवायू.
हा तर काळ्या गुळाच्या रंगाचा.
आम्ल. स्टार्च. निळं.
निळं पुसलं जाईस्तोवर थेंब मोजायचे.

तेरा पूर्णांक दोन.
पुन्हा केलं. तेरा पूर्णांक दोन.
एवढा तर डोंगरातल्या झऱ्यालाही जमत नाही.
शेरा मनात तयार झाला सुद्धा:
जलचरांसाठी समाधानकारक.

मग गाळ उपसला, चाळणीत धुतला.
शोधत होते ती तीन शेपट्यांची नाजूक अळी,
जी घाणीत एक दिवस काढत नाही.
निघाले ते लाल किडे,
राखीचे धागे सुटावेत तसे.
बुडाशी हवा मिळत नाही
म्हणून अंगातच हिमोग्लोबिन बाळगणारे.
(माझं मागच्या तपासणीत नऊ निघालं.)
चिमट्याने मोजले: त्रेसष्ट.

वर तेरा पूर्णांक दोन, खाली त्रेसष्ट.
दोघांतलं कोणीतरी
मला बनवत होतं.

उरकुडाजी वल्ह्याचं पाणी निथळत म्हणाले,
"दुपारचं पानी म्हंजे पाव्हन्यापुढचं घर, बाई.
सारं झाडूनपुसून.
पायटी ये. चाराले.
मंग पाह्य चुलीवर काय हाय ते."

चारला बस नसते. धाकट्या भावाने
कुरकुरत स्कूटरवर आणून सोडलं.
अंधारात आधी आवाज आला:
चुप्. चुप् चुप्. चुप्.
टॉर्च मारला.
मासे, सगळे वर,
तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळत,
जशी रेशनच्या दुकानापुढे माणसं
नंबर विसरून उभी राहतात.
दिवसा हिरव्या शेवाळाने जे वाटलं
ते रात्री त्यानेच परत खाल्लं होतं.

बाटली. मँगनीज. अल्कली.
या वेळचा बर्फ जवळजवळ पांढरा.
निळं आलं म्हणेपर्यंत गेलं.
शून्य पूर्णांक आठ.

फॉर्मवर तारखेचा रकाना आहे, वेळेचा नाही.
साहेबांना आकडा एकच लागतो,
तोही कार्यालयीन वेळेतला.
मी समासात पेनाने रेघ ओढली, वाकडी,
डोंगा हलत होता.
दुपारी दोन. पहाटे साडेचार.
खाली त्रेसष्ट, कंसात: जिवंत.

उरकुडाजींनी थर्मासच्या झाकणात चहा दिला.
जाळं त्यांनी आणलंच नव्हतं.
"असे वर आलेले मी धरत नाई," एवढंच बोलले.

पूर्वेकडे फटफटलं.
आधी बारीक मासे खाली गेले,
मग मोठे,
मग ते आवाजही.
साडेदहाला कचेरी उघडेल.
तोवर पाण्याने
तोंड धुतलेलं असेल.